पंधरा

"आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"
डॉक्टरीणबाईंनी विचारलं
आणि अत्तम्माने मान हलवली. नाही.
एकतीस वर्षं विड्या वळलेल्या माझ्या सासूला
बीपीची गोळी औषध वाटतच नाही,
चहासारखी ती सकाळची गोष्ट.
मी ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.
मग तिनेच, जरा लाजून,
कमरेच्या चंचीतून आणखी एक पट्टी काढली:
गुडघ्यांसाठी, कन्ना चौकातून,
चिठ्ठीशिवाय आणलेली.

बाईंनी नाव वाचलं.
लिहून झालेल्या कागदावर
एक ओळ आडवी खोडली, खाली दुसरी लिहिली.
"हीसुद्धा दुखण्याचीच, आजी. दोन्ही मिळून पोट जाळतील,
बीपी चढवतील. जखम भरेस्तोवर ही बंद.
बीपीची मात्र चुकवायची नाही.
आणि मिश्री?"
तोंडात कापसाचा बोळा, अर्धा ओठ बधिर,
अत्तम्मा छताकडे बघत राहिली.

नीलमनगरपर्यंत रिक्षात
ती तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती,
कापूस मराठी बोलू देत नव्हता.

चिठ्ठी तिला वाचता येत नाही.
मी विडीचा दोरा घेतला:
लाल दोरा कॅप्सूलच्या पट्टीला, रोज तीनदा,
हिरवा दुखण्याच्या गोळीला, काही खाल्ल्यावरच.
बीपीची बिनदोऱ्याची.
वेळा तिने स्वतः ठरवल्या:
दूधवाला येतो तेव्हा,
कारखान्यात विड्या पोचवायला निघण्याआधी,
आणि रात्री, शेजारच्या मागांची खडखड
पाळी बदलायला मिनिटभर थांबते तेव्हा.

"एखादी विसरली तर?
आज सातशे वळल्या तर उद्या तेराशे वळते मी.
तशा उद्या दोन?"
नाही, अत्तम्मा. आठवेल तेव्हा एक,
आणि पुढचीची वेळ झालीच असेल तर
राहिलेली राहू दे.
गोळीला उधारी चालत नाही.

दहीभात, गार अंबील.
शेंगाचटणीची बरणी मी वरच्या फळीवर ढकलली.
मिश्रीची डबी कुठे ठेवली ते सांगत नाही,
हे वाचून तिला कोणी सांगेल.
दुसऱ्या रात्री गाल टम्म फुगला,
बाईंनी सांगितलंच होतं तसं.
दोन्ही हात मांडीवर, सूप भिंतीला टेकलेलं,
आणि बोटं मात्र रिकाम्या हवेत
पान वळत होती.

चौथ्या दिवशी सूज उतरली.
दुपारी मी टॉवेलच्या कारखान्यातून जेवायला आले
तर लाल दोरा सुटा पडलेला,
आणि काड्यापेटीत
नीट कापून ठेवलेल्या सहा कॅप्सूल.
"दुखत नाही आता. विजयलक्ष्मीचा दात हलतोय,
तिला होतील. फुकट कशाला घालवायच्या?"

मी सुपाजवळ बसले.
एक कट्टा उचलला, पंचवीस विड्यांचा,
त्यातल्या दहा काढून घेतल्या,
उरलेल्या बांधून तिच्या हातात दिला.
"हा घेईल का चेकर?"
तिने कट्टा तळहातावर तोलला.
ती मोजत नाही कधी, तोलते,
आणि एक विडी कमी असली तरी तिला कळतं.
"तोंडावर फेकेल," ती म्हणाली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.
विजयलक्ष्मीचा दात वेगळा, तोंड वेगळं,
तिला साखर आहे, तिची चिठ्ठी वेगळी,
हे मी सांगायच्या तयारीत होते.
गरज पडली नाही.
काड्यापेटी उघडल्याचा आवाज आला,
मग तांब्याचा.

सहाव्या दिवशी सकाळी, दूधवाला गेल्यावर,
पंधरावी.
"अयिपोयिंदि," ती म्हणाली,
फुटलेल्या खळग्यांवरून अंगठा फिरवत,
एकेक, पंधराही,
आणि जीभ अजून आत
दाढेच्या खड्ड्याशी चाळा करत होती.
रिकाम्या पट्ट्या तिने टाकल्या नाहीत.
आदल्या दिवशीच्या कट्ट्यांशेजारी
सुपात मांडून ठेवल्या,
चेकरला दाखवायच्या असाव्यात तशा.

विजयलक्ष्मीला सोमवारी नंबर मिळालाय.
अत्तम्मा सोबत जाणार आहे.
जाताना, म्हणाली,
तिची चंचीसुद्धा उघडून बघते.